कोरड्या तळ्यावरची उसनवारी

दर गुरुवारी न्याहारी आटोपली, की डल्सी हॅनिगनबाई आपल्या चारचाकी बाईकवर स्वार होऊन मेंढ्यांच्या पाण्याचे हौद पाहायला निघत. वय सत्तरीपलीकडचे, डोक्यावर दिवंगत नवऱ्याची हॅट, मागच्या जाळीवर टफी हा कुत्रा आणि त्याच्याशेजारी पट्ट्यांनी करकचून आवळलेला पेट्रोलचा जादा डबा. पाणी उपसणाऱ्या शेवटच्या पवनचक्कीपर्यंत जाऊन यायचे, तर टाकीतले पेट्रोल पुरे होई. पण वाटेत काही बिनसलेच, तर खारट झुडपांखेरीज विचारपूस करणारे तिथे कोणी नव्हते. म्हणून डबा न घेता फाटकाबाहेर पडणाऱ्याला हॅनिगनांच्या घरात मूर्ख म्हणत. आणि उसना नेलेला डबा रिकामा परत करणाऱ्याला जे म्हणत, ते इथे लिहिण्याजोगे नाही.

यंदा मात्र थंडी सुरू झाल्यापासून हा डबा घरी परतताना अर्धा झालेला असे. झाकण घट्ट, पट्टे जसेच्या तसे. बाईंनी त्यात पाणी भरून तो रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवून पाहिला. कागद कोरडा राहिला. त्यांनी नवा डबा आणला. तोही अर्धा झाला.

मुलगा डॅरिल याने आपल्यापुरता निकाल लावला होता.

"आई, तूच वाटेत टाकीत ओततेस आणि विसरतेस."

"विसरायचं म्हटलं, तर तुझ्या लग्नातलं तुझं भाषण विसरायचा मी किती प्रयत्न केला! तेवढं जमलं नाही बघ."

सून ट्रिशला चहाचा ठसका लागला. "आई, ते मलाही नाही हो जमलं."

डॅरिलही हसला, पण हटला नाही. "या गुरुवारी टाकी मी काठोकाठ भरणार. डबा लोकर मोजायच्या काट्यावर तोलून देणार. संध्याकाळी तेवढाच भरला, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. कमी निघाला, तर किल्ली माझ्याकडे. मग हौद बघायला माझ्या गाडीतून यायचं, शेजारच्या सीटवर बसून."

शेजारच्या सीटवर! बाई जन्मात कोणाच्या शेजारच्या सीटवर बसल्या नव्हत्या. लग्नाच्या दिवशीसुद्धा चर्चपर्यंतची गाडी त्यांनीच चालवली होती.

"कबूल," त्या म्हणाल्या आणि केकचा मोठा तुकडा कापून घेतला.

गुरुवार लख्ख उजाडला. गुलाबी काकाकुव्यांचे थवे तारेवर बसून भांडत होते. प्रत्येक हौदापाशी बाई थांबत, डबा हलवून पाहत आणि गुणगुणत पुढे जात. दुसऱ्या पवनचक्कीपर्यंत तो गच्च भरलेला होता. त्यापुढे कोरडे तळे लागते. झाड नाही, दगड नाही. भेगाळलेली पांढरट माती सरळ आभाळापर्यंत गेलेली.

तळ्याच्या मध्यावर बाईक मागून हलकी झाली.

फार नाही. लहानशी पिशवी उतरवून घ्यावी, तेवढी. बाईंनी ब्रेक दाबला. डब्यात पेट्रोल डचमळत होते. भरलेला डबा डचमळत नाही. हवेत ताज्या पेट्रोलचा वास होता.

टफीने खाली उडी मारली. तो शेपूट हलवत दहा-बारा पावले गेला आणि बसला. मग त्याने पंजा उचलला. तो उचललेलाच राहिला, जणू कोणी हाती धरला होता.

मातीवर बाईकची चाके आणि टफीचे पंजे, एवढेच ठसे होते.

बाई घाबरल्या नाहीत असे नाही. परंतु त्यांना राग अधिक आला.

"जो कोणी असेल, त्यानं ऐकून घ्यावं," त्या मोकळ्या तळ्याला उद्देशून म्हणाल्या. "अडलेल्याला हॅनिगनांनी कधी नाही म्हटलेलं नाही. पण ही चोरटी पद्धत चालायची नाही! तुमच्यापायी माझा मुलगा मला वेडी समजतोय. उसनं नेलंत, तर डबा भरून परत करायचा. आणि यापुढे लागेल त्यानं उजळ माथ्यानं मागायचं. आपला डबा आणायचा, जमिनीवर ठेवायचा. जाळीवर ठेवून ओतायचं नाही, ठिणगी पडते. कळलं?"

त्यांनी पट्टे सोडून डबा खाली ठेवला. पाहुण्याला संकोच नको म्हणून पाठ फिरवली आणि थर्मासमधला चहा ओतला.

मागे झाकण फिरल्याचा आवाज झाला.

बाईंनी चहात साखर ढवळली.

एक जुने इंजिन खोकले. पुन्हा खोकले, धरले, सुरू झाले.

आवाज अगदी जवळून गेला. टफीने भुंकून निरोप दिला.

बाईंनी चहा संपवला आणि डबा उचलून पुन्हा जाळीवर आवळला.

संध्याकाळी डॅरिलने डबा काट्यावर ठेवला. मग उतरवून पुन्हा ठेवला.

"सकाळपेक्षा जास्तच भरतोय, आई."

"व्याजासकट असेल," बाई म्हणाल्या. "किल्ली आहे तिथंच राहू दे."

त्या रात्री घरात भाजलेल्या मटणाची मेजवानी झाली. ट्रिशने सासूबाईंना वाइन वाढली. हरलेला डॅरिल शब्दाला जागला. त्यानंतर सबंध आठवडा त्याने त्या विषयावर अवाक्षर काढले नाही.

पुढच्या गुरुवारी बाई एकट्याच ऐटीत निघाल्या. तळ्याच्या मध्यावर येताच त्यांनी इंजिन बंद केले.

वाटेच्या कडेने डब्यांची रांग लागली होती.

गंजके पत्र्याचे डबे, सैन्यातले चेपलेले डबे, प्लास्टिकचे डबे. सगळे जमिनीवर, अंतर राखून ठेवलेले. सगळ्यांची झाकणे उघडी. टफी आनंदाने एकेकापाशी जाऊन शेपूट हलवत होता.

रांगेच्या शेवटी एक लाल डबा होता, उन्हाने फिका गुलाबी पडलेला. त्यावर पांढऱ्या रंगाची अक्षरे पापुद्रे सुटूनही वाचता येत होती: 'आईचा डबा. वाद घालू नये.' बाईंनी मागे वळून पाहिले. डॅरिलने आज सकाळीच हसत हसत लिहिलेली तीच अक्षरे जाळीवरच्या त्यांच्या लालभडक डब्यावर होती. रंग अजून बोटाला लागत होता.

तोच डबा, फक्त कित्येक उन्हाळे जुना. मग त्यांनी पट्टे सोडले आणि पहिल्या डब्यापासून ओतायला सुरुवात केली. घरी परतायचे, तर टाकीतल्या पेट्रोलला हात लावून चालणार नव्हते. शिवाय पाहुणे आधी, घरचे मागून, ही हॅनिगनांची रीत.

शेवटच्या, त्या फिक्या गुलाबी डब्यापाशी पोहोचेपर्यंत हातातल्या डब्यातले पेट्रोल संपले होते.