ॲम्बेसिडरचं फाउंडेशन

लातूरचा जिल्हा झाला, तिथं सरकारी जीपगाड्यांची रांग लागली, आणि उदगीरच्या सिद्रामप्पा मिस्त्रीचा जीव इथं रमेना. बाप असेतोवर गॅरेज हलवायचं नाव काढायची सोय नव्हती. आता बाप नव्हता. लातुरात जागा ठरली होती. ही ॲम्बेसिडर दुरुस्त झाली की संध्याकाळी तिच्यातूनच सामान हलायचं होतं.

गाडी जुनी, सुरू होताना धाडकन हादरायची. रत्नम्मानं, त्याच्या बायकोनं, नेहमीसारखं आत बसून ब्रेक दाबला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला, तोही नेहमीसारखा झटक्यात. डाव्या अंगानं इंजिन चार बोटं उचललं.

"फाउंडेशन गेलं," तो म्हणाला. इंजिन ज्यावर बसतं ते रबर पार फाटलं होतं.

टँकरचा हॉर्न वाजला तशी ती घागर घेऊन पळाली. त्यानं गाडी बंद केली, इंजिनाखाली जॅक लावला, बोल्ट काढले आणि जुनं रबर ओढायला हात घातला. जॅक सटकला. इंजिन बोटांवर बसलं.

ओरडून घसा कोरडा पडला. सगळी गल्ली टँकरवर गेलेली. बोटं गेली तर लातूरही गेलं, या विचारानं तो रडकुंडीला आला. तेवढ्यात गाडीचं दार लागलं. उघड्या बॉनेटमुळे आतलं काही दिसत नव्हतं.

"रत्नम्मा! हात अडकलाय. सुरू कर. बिरेक दाब, पैला गेर टाक, किलच सोड. डावं अंग उचललं की हात निघतोय बघ."

इंजिन सुरू झालं. क्लच सुटू लागला, इतका सावकाश की त्याला नवल वाटलं. बोटांवरचा भार हलका झाला.

"आनखी थोडं."

इंजिन तिथंच थांबलं. हात निघेल एवढं नाही, बोटं चेंगरतील एवढंही नाही.

"अगं, सोड की!"

"अवो, कुनाशी बोलायलाव?"

रत्नम्मा रस्त्यावरून येत होती. कमरेवर भरलेली घागर होती.

त्यानं मानेनंच गाडीकडं खूण केली.

ती बॉनेटला वळसा घालून गेली आणि खिडकीतून आत वाकली.

तिनं घागर खाली ठेवली. पदर डोक्यावर घेतला. सासरे वारल्यापासून तिनं तो कुणापुढं घेतला नव्हता.

इंजिन हळूहळू खाली येऊ लागलं.

"अवो," ती नजर न उचलता म्हणाली, "लातूरला जात न्हाई म्हना."