मुक्या शिशाचा तुकडा

"तुकडा गॉर्डननंच घेतलाय," कॅरिन म्हणाली. समोरच्या कॉफीला तिने हातही लावला नव्हता.

वर्ना हॉगन विमा कंपनीची तपासनीस म्हणून निवृत्त झाली होती. तिचा दीर वेंडेल तिची गाडी चालवायचा आणि मधूनमधून चुकीचे अंदाज बांधायचा. विस्कॉन्सिनच्या त्या लहानशा गावात सगळे सगळ्यांच्या अंत्यविधीला जातात. त्यामुळे कॅरिनच्या वडिलांना, हार्लनला, दोघांनी कालच निरोप दिला होता. "शेवटचा कोट तरी धड बसवायचा," शवपेटीतला हार्लन आठवून वेंडेल परतताना कुरकुरला होता. "छातीचा खिसा नुसता ओघळलेला."

हार्लन खेळ रचायचा. टेबलाभोवती बसायचं, आपापलं पात्र व्हायचं, फासे टाकायचे. शेवटची दोन वर्षं त्याने जादू मारणारं द्रव्य घडवण्यात घालवली. आधी राख करून पाहिली, ती वाऱ्यावर उडून सगळ्यांचीच जादू मारू लागली. काच केली, तिला कुणी भीकच घालेना. शेवटी जमलं ते मुकं शिसं. त्याचा अक्रोडाएवढा खराखुरा तुकडा त्याने स्वतः ओतला होता.

नियम दोनच होते. जो तुकड्याला हात लावेल, त्याच्या पात्राची जादू ती कथा संपेपर्यंत गेली. आणि ज्या मृताजवळ तो असेल, त्याला कुठलाही मंत्र उठवू शकणार नाही. म्हणून कॅरिन, गॉर्डन आणि ड्वाइट हे तिन्ही खेळाडू तो चिमट्याने उचलायचे, विंचू उचलावा तसा.

ऑक्टोबरात खेळ ऐन रंगात असताना हार्लन कोसळला आणि इस्पितळातून परत आलाच नाही. तुकड्याची बंद डबी कॅरिनने वर त्याच्या कपाटात ठेवली होती. काल अंत्यविधीनंतर तिघे अर्धवट खेळ पुरा करायला बसले. हार्लनचं पात्र, म्हातारा द्वारपाल, त्याच्याबरोबरच मेलं असं धरून त्याला उठवायचं ठरलं. टेबल मांडताना डबी उघडली तर रिकामी. तिघांनीही कानावर हात ठेवले. मग तिघांनी मिळून मंत्र टाकला, फासे चांगले पडले, द्वारपाल उठला. आनंद मात्र कुणालाच झाला नाही.

"बाबांनंतर हे टेबलच माझं घर आहे," कॅरिन म्हणाली. "चोराबरोबर मी तिथं बसू शकत नाही."

हार्लनच्या घराच्या तळघरात, खेळाच्या टेबलाशी, गॉर्डन एकटाच बसला होता. तीस वर्षांचा मित्र, डोळे सुजलेले. हार्लनशी भांडण झालं होतं, हे त्याने लपवलं नाही. "मेलेला उठायचाच नाही, असला नियम कशाला? निदान खेळात तरी माणूस परत येऊ दे, एवढंच म्हणत होतो मी." ड्वाइट मितभाषी सुतार. त्याने एवढंच सांगितलं, की इस्पितळाच्या त्या दिवसांत घरात सगळ्यांचाच वावर होता.

चिमटा वेंडेलला तळघरातच सापडला. रुग्णवाहिकेच्या माणसांनी टेबल ढकललं तेव्हा तो फ्रीजरमागे पडला असावा. त्याच्यावर धूळ साचली होती.

हार्लनची बायको मार्लिस स्वयंपाकघरात चर्चच्या बायकांनी आणलेली भांडी पुसत होती. त्या खेळातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं तिने सांगितलं. मग हळूच विचारलं, "काल उठला का तो?"

उठला, असं वर्नाने सांगताच मार्लिसचा हात थांबला. "उठायला नको होता," ती म्हणाली.

वर्नाने सगळ्यांना तळघरात बोलावलं.

"गॉर्डनच ना?" वेंडेल कुजबुजला.

"चिमटा हार्लन कोसळला त्या दिवसापासून फ्रीजरमागे होता," वर्ना म्हणाली. "म्हणजे तुकडा हातानं उचलला गेला. तुमच्यातल्या कुणी उचलला असता, तर काल त्यानं मंत्र टाकला नसता. कथा अजून संपली नव्हती. तुम्ही सरकारला फसवाल, फाशांना नाही. कालचा मंत्र हीच तुमची साक्ष."

कॅरिनने गॉर्डनकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"उरलं कोण? जिच्या पात्राची जादू जाणार नाही, कारण तिला पात्रच नाही. तिला खेळ कळत नाही, पण द्वारपाल उठायला नको होता, हे पक्कं ठाऊक आहे. वेंडेल, तो खिसा का ओघळला होता?"

इतकं जड काय होतं, ते वेंडेलला आत्ता उमगलं.

मार्लिस पायरीवर उभी होती. "कोटाला इस्त्री मीच केली, तुकडाही खिशात मीच ठेवला. वसंतात त्याचं हृदय बंद पडलं, तेव्हा मीच छाती दाबून परत आणला. बरगड्या मोडल्या. तो म्हणाला, मार्लिस, पुन्हा मला बोलावू नकोस. मग त्यानं हे शिसं केलं, आणि जेवताना रोज मला त्याचाच नियम समजावायचा. मी नुसतं हं हं करायची." ती थांबली. "ऑक्टोबरात तो पडला आणि मी घाबरून फोन केला. आठवडाभर नळ्या लावून ठेवला त्याला. मी बोलावलं म्हणून. आता तरी कुणी बोलावू नये, एवढंच वाटलं."

कॅरिन रडत होती. "आई, मला सांगायचंस ना."

"तुम्ही त्याला उठवणार म्हणून किती आशेनं बसला होतात. कुठल्या तोंडानं सांगू?"

मग गॉर्डनने टेबलावरची द्वारपालाची बोटभर मूर्ती उचलली. "तुकडा त्याच्याजवळ होता," तो म्हणाला. "कालचा मंत्र लागू होत नाही. नियम त्याचाच आहे." त्याने मूर्ती आडवी ठेवली.

कॅरिनने बापाची खुर्ची मागे ओढली. मार्लिस पहिल्यांदाच त्या टेबलाशी बसली. तिने हातातलं भांडी पुसायचं फडकं घडी करून मूर्तीच्या डोक्याखाली सरकवलं.