आवाज बदलण्याची विनंती

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं तर शेवट तरी धड केला असता.

मागच्या जानेवारीतलं आहे. चंडीगडजवळ खरड नावाच्या गावात आमचा फ्लॅट, चौथ्या मजल्यावर. रात्रबित्र नव्हती, भरदुपार होती. पण धुकं असं की समोरची इमारत गायब.

मी ऋजुता. मोहालीत नोकरी करते. आई गेल्यावर बाबांना अमरावतीहून इकडे आणलं. त्यांचं हृदय अधू, दुपारची गोळी चुकवून चालत नाही. म्हणून मी एक छोटं अ‍ॅप लिहिलं. वेळ झाली की ते माझ्या आवाजात सांगतं, "गोळी घ्या." सगळ्यांसाठी फुकट ठेवलं, कोडसकट. कुणीही वापरावं, कुणीही बदलावं.

फुकटच्या गोष्टीवर लोक किती हक्क गाजवतात, विचारू नका. 'चालत नाही, लवकर दुरुस्त करा.' काय चालत नाही? कुठल्या फोनवर? देव जाणे.

त्यात सुनेत्रा नावाच्या बाईची अ‍ॅपमध्ये बदलाची विनंती आली. काय होतं, काय व्हायला हवं, कुणाला उपयोग, सगळं नीट लिहिलेलं. वर, 'सवडीने करा.' मला तर गहिवरूनच आलं.

'आजोबा दुपारी बाल्कनीत बसतात. एका हाकेत ऐकू जात नाही. ते उत्तर देईपर्यंत पुन्हा हाक मारता येईल का?'

मी त्याच आठवड्यात करून टाकलं. ही कोण, कुठली, हे विचारलंसुद्धा नाही.

मग दुसरी आली.

'ते "घेतली" हे बटण दाबतात आणि गोळी तुळशीच्या कुंडीत टाकतात. थोड्या वेळाने पुन्हा विचारावं.'

मला हसू आलं. मग... थांबलं.

आमच्या बाल्कनीतही तुळस आहे.

मी जाऊन माती उकरली. आत गोळ्या होत्या.

"बाबा, हे काय?"

"कडू लागते व बाई. कायले माह्या मांगं लागतं?"

पहिला संशय निमिषवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर. "तूच लिहितोस ना हे?"

"पागल आहेस का यार? मला सांगायचं असतं तर तोंडाने सांगितलं असतं."

समोरून कुणी बघतंय म्हणावं, तर तिथे सगळे पंजाबी. आणि विनंती स्वच्छ मराठीत.

बाबांना विचारलं, "ही सुनेत्रा कोण?"

"मले नाई माहीत."

पण बोलताना त्यांची नजर बाल्कनीकडे गेली... ते मला आवडलं नाही.

तिसरी विनंती छोटी होती.

'तुमचं ते ऐकत नाहीत. माझं ऐकतील. आवाज बदलण्याची सोय करा.'

मी घाबरले होते, चिडलेही होते. नको असलेली मागणी टोलवायला आम्हा फुकट काम करणाऱ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं. तेच लिहिलं. 'मला शक्य नाही. सगळं खुलं आहे. हवा तो बदल तुम्हीच करून घ्या.'

लगेच उत्तर आलं.

'परवानगीबद्दल आभार.'

दुसऱ्या दिवशी ते धुकं. मी घरूनच काम करत होते. बाबांचा फोन मीच बंद करून जवळ ठेवला होता. गोळी हातानं देणार होते.

बाल्कनीतून बाईचा आवाज आला... मऊ, अगदी जवळचा.

"नामदेव, गोळी."

"घेतो ना," बाबा म्हणाले. आत आले, मुकाट्यानं गोळी घेतली.

मी धावत बाल्कनीत गेले. रिकामी खुर्ची. बाकी नुसतं धुकं.

तेव्हापासून एकही गोळी चुकलेली नाही. डॉक्टर खूश आहेत. निमिष म्हणतो, गुण आला ना, मग झालं तर.

कसलं झालं? गोळीचं ऐकणारा माणूस उद्या तिचं आणखी काय ऐकेल? मी बाल्कनीला जाळी बसवून घेतली. तरी जीव थाऱ्यावर नाही.

काल तिची नवी विनंती आली.

'आता ते माझं सगळं ऐकतात. तुमचा आवाज काढून टाकावा.'

मी उत्तर दिलं नाही. उठून बाबांच्या खोलीत गेले. ते पाठमोरे बसले होते, माझ्यापासून हातभर अंतरावर.

"बाबा."

पुन्हा हाक मारली. मोठ्यानं मारली.

शेवटी खांद्याला हात लावला, तेव्हा दचकून वळले.

"कवा आली व तू?" ते म्हणाले. "हाक तरी मारायची."