पूर्वेच्या गॅलरीतली गर्दी

लोकांना त्यांची खुर्ची दाखवणं हे काही डोक्याचं काम नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सामन्याच्या दिवशी ताईच्या जागी उभं राहून बघावं. एकाला उन्हात बसायचं नसतं, दुसऱ्याला मेहुण्याशेजारी बसायचं नसतं, तिसरा भलत्याच रांगेत फतकल मारून बसतो आणि वर आपल्यालाच तिकीट दाखवतो. ताई या सगळ्यांना पुरून उरायची. स्टेडियममध्ये तिच्या हाताखाली बरीच माणसं होती आणि व्यवस्थापकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे.

स्टेडियम नवं कोरं होतं, जुना बाजार पाडून बांधलेलं. त्या बाजारात ताईच्या बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्याच्या बदल्यात त्यांना गावाबाहेर एक गाळा मिळाला, पण तिकडे चिटपाखरू फिरकायचं नाही. स्टेडियम होतं एका खासगी मालकाचं. बांधायचा पैसा मात्र शहराने दिला आणि तो वसूल करायला दर घरावर नवी पट्टी बसवली.

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!" बाबा म्हणायचे. "कर्ज आपलं, इमारत त्याची. आणि माझी लेक तिथे लोकांना खुर्च्या दाखवते."

"त्याच खुर्च्यांवर आपली चूल पेटतेय, बाबा."

"पेटू दे. मी मेलो तरी त्या इमारतीत पाऊल टाकणार नाही."

बाबांचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ताई हसून सोडून द्यायची. घरात बाबा, त्यांची धाकटी बहीण म्हणजे ताईची आत्या, आणि ताईची सात वर्षांची लेक चिमी. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा येणारा. एवढ्या सगळ्यांचा भार ताईच्या पगारावर होता, त्यामुळे तत्त्वाच्या गोष्टी तिला परवडणाऱ्या नव्हत्या.

मालकाच्या फुटबॉल संघाच्या नावाने आनंदीआनंद होता. सुरुवातीची नवलाई सरली, तसे लोक येईनासे झाले. सगळ्यात आधी ओस पडली ती पूर्वेची वरची गॅलरी. तिथे दुपारभर ऊन, आणि मैदान इतकं खाली की खेळाडू मुंग्यांएवढे दिसायचे. ताईने तिथे माणूस ठेवणंही बंद केलं, स्वतःच मध्येच एक चक्कर टाकायची.

अशाच एका चकरेत तिला पाडलेल्या खुर्च्या दिसल्या. या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाऊन पाठीला चिकटते. पण इथे एका रांगेत पाच-सहा बैठका खाली होत्या. ताईने एक वर ढकलली. ती जडपणे वर गेली आणि हात काढताच खाली आली. तिने दुसरी करून पाहिली, तिचीही तीच गत.

सामना संपल्यावर ती मिस्त्रींना घेऊन आली. तेव्हा सगळ्या खुर्च्या मिटलेल्या. मिस्त्रींनी एकेक बैठक दाबून सोडली. फट्, फट्, फट्.

"स्प्रिंग झकास आहेत, ताई. तूच जरा चहा घे जा."

ताई हसली खरी, पण पुढच्या सामन्याला ती आधीपासूनच वर जाऊन उभी राहिली. शिट्टी वाजली. खाली खेळ सुरू झाला. आणि गॅलरीतल्या खुर्च्या एकेक करून खाली येऊ लागल्या. घाई नाही, गडबड नाही. लोक जसे रांगेत शिरतात, आधी आतल्या टोकाची, मग तिच्या अलीकडची, मग तिच्या अलीकडची. थोड्या वेळात अख्खी गॅलरी बसली होती आणि तिथे कोणीही नव्हतं. ताईने जवळच्या बैठकीवर तळवा टेकवला. प्लास्टिक उन्हाने तापलेलं असणार, असं तिने स्वतःला समजावलं. पण ती जागा कठड्याच्या सावलीतली होती आणि ऊब अंगाची होती. तिने हात झटकन मागे घेतला आणि "माफ करा" असं चक्क मोठ्याने म्हणाली. मग ती जिना उतरली ती थेट गेटापाशी येऊन थांबली.

घरी आली तर आत्या दारातच.

"तुझ्या बाबांना काय झालंय गं? तू गेलीस की हे पलंगावर ताठ बसतात. हाक मारली तर ओ नाही. डोळे उघडे, पण बघणं इथलं नाही. आज चौथ्यांदा झालं."

"रुसले असतील. मी सामन्याला गेले की त्यांचं डोकं फिरतंच."

"रुसवा मला कळतो, बाई. साठ वर्षं बघतेय मी त्याचा रुसवा. हा तो नाही."

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, वयाचा दोष म्हणाले. बाबाही हसत होते. पण त्या रात्री जेवताना ते सहज बोलून गेले, "आज गोलरक्षकाने अगदीच माती खाल्ली. चेंडू हातात आलेला सोडला."

ताईचा घास हातातच राहिला. घरात टीव्ही नव्हता, तो बाबांनीच आणू दिला नव्हता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? समोरच तर..." बाबा थांबले. त्यांनी भाताकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

मग बाबा हळूच म्हणाले, "पोरी, मला भीती वाटते गं. मला तिथे जायचं नाहीये. आजूबाजूला सगळे बसलेले असतात, बाजारातले जुने लोक, आपल्या इमारतीतले. कोणी कोणाशी बोलत नाही. उठावंसं वाटतं आणि उठता येत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या इमारतीत शेजाऱ्यांना आडून आडून विचारलं. विचारायचा अवकाश, लोक भडाभडा बोलू लागले. कोणाची सासू, कोणाचा भाऊ, कोणाचा नवरा. दर घरातलं एक माणूस, एकच, आणि सामना चालू असेपर्यंतच. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याच घरात आहे, म्हणून सगळे झाकून बसले होते.

पुढच्या आठवड्यात चषकाचा सामना बरोबरीत अडकला आणि जादा वेळेत गेला. त्या दिवशी बाबा भानावर आले तेव्हा त्यांच्या ओठांना रंग नव्हता, आणि चिमीला ते दोनदा ताईच्या नावाने हाक मारून गेले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन तर भानावर आलेच नाहीत. त्यांना स्ट्रेचरवरून नेलं, तेव्हाही डोळे उघडेच होते आणि मान किंचित डावीकडून उजवीकडे जात होती, चेंडूमागे जावी तशी.

ताई तडक व्यवस्थापकाच्या खोलीत गेली. माणूस वाईट नव्हता. तिच्या चिमीच्या वाढदिवसाला त्याने खाऊ पाठवला होता. तिने सगळं सांगितलं. तो हसेल अशी तिची खात्री होती, आणि खरं तर तिला तेच हवं होतं. तो हसला नाही. उठून त्याने दार लावून घेतलं.

"ताई, करार करताना मालकाने अट घातली होती. तीस वर्षं स्टेडियम भरलेलं पाहिजे, आणि त्याची हमी शहराने घ्यायची. शहराने घेतली. वाजतगाजत घेतली."

"हमी म्हणजे पैशाची ना?"

"मलाही तसंच वाटलं होतं." त्याच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. त्या खिडकीतून पूर्वेची गॅलरी दिसायची. "माझी आई, ताई. आईच जाते आमच्याकडून. मी सामन्याच्या दिवशी घरी फोन करत नाही."

"मग सोडा ना ही नोकरी!"

"सोडून काय होणार? पट्टी तर घरावर आहे."

ताई बाहेर आली. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाबांना कुठे लपवावं? दार लावून उपयोग नव्हता, कारण माणूस दारातून जातच नव्हतं. गाव सोडायचं तर हाताशी पैसा नव्हता, आणि रविवारी पुन्हा सामना होता, चषकाचाच. पुन्हा जादा वेळ झाला तर बाबांचाही पोस्टमन होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

विचार करता करता तिला एकच गोष्ट सुचली. खुर्ची रिकामी असते, म्हणून भरली जाते. ती आधीच भरलेली असेल तर?

रविवारी शिट्टी वाजल्यावर ती पूर्वेच्या गॅलरीत शिरली. दोन्ही बाजूंना बसलेल्या रांगा, आणि ती मधून चाललेली, वास घेत. शेवटून तिसऱ्या रांगेत तिला तो वास आला. शिवणयंत्राचं तेल आणि गुडघ्याला लावायचा बाम. ती वाकली. तेवढ्यात खाली एका खेळाडूने चेंडू बाहेर मारला आणि तिच्या कानाशी कोणीतरी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. बाबा असंच करायचे, कापड चुकीचं कापलं गेलं की.

"बाबा," ती कुजबुजली, "आलेच मी."

ती धावत खालच्या स्टँडमध्ये गेली. तिथे एक पोट सुटलेले काका मघापासून तक्रार करत होते की समोरच्या खांबामुळे अर्धं मैदान दिसत नाही. ताई हात जोडून म्हणाली, "चला काका, वर ऐसपैस जागा देते. फुकट."

फुकट म्हटल्यावर काका टुणकन उठले. जिने चढताना दमले, पण खूश होते. ताईने त्यांना नेमक्या त्या खुर्चीपाशी आणलं. काका बसले. बसताना जरा अडखळले, मग टेकले.

"वारा छान आहे हो," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही कोपरं अंगाशी ओढून घेतली. "पण जरा दाटी वाटते, नाही?"

ताईने मोबाईल काढला. आत्याने लगेच उचलला.

"अगं, उठला! आत्ताच्या आत्ता उठला! चहा मागतोय, मालकाला शिव्या घालतोय. बोल त्याच्याशी."

"पोरी," बाबांचा आवाज खणखणीत होता. "काय केलंस गं?"

ताईला हसू आणि रडू एकदमच आलं. "तुम्ही चहा घ्या, बाबा. साखर घालून घ्या आज." बाबांनी फोन परत आत्याकडे दिला आणि तो कानाला धरूनच ताई जिना उतरू लागली. खालच्या स्टँडमध्ये लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते, जिवंत, घामेजलेले. तिला त्या सगळ्यांना मिठी मारावीशी वाटली.

काकांची जुनी जागा खांबामागे होती. दोन्ही बाजूला माणसं बसलेली, मध्ये ती एकच मिटलेली खुर्ची.

ताईच्या डोळ्यांदेखत तिची बैठक खाली येऊ लागली.

पूर्ण आली नाही. अर्ध्यावर थांबली. स्प्रिंग दाबायला पुरेसं वजन नसल्यासारखी.

ताईने फोन कानाशी घट्ट दाबला.

"आत्या," ती कशीबशी म्हणाली. "चिमी कुठेय?"

"इथेच आहे की, माझ्यासमोर. स्टुलावर बसलीय." आत्या लाडाने हसली. "आज काय शहाणी झालीय बघ, मघापासून पायसुद्धा हलवत नाही."

खांबामागची खुर्ची खाली-वर, खाली-वर डुलत होती.