सुबोधचा स्टीलपॅन

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे घडलं माझ्या मावसबहिणीच्या, प्रणिताच्या बाबतीत. सिंगापूरला, गेल्या ऑगस्टमध्ये.

रात्र नव्हती, हे आधीच सांगते. शनिवारची दुपार, लख्ख ऊन आणि हजारभर माणसं.

प्रणिताचा नवरा सुबोध जुरोंग आयलंडवरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर होता. टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधून पहाटे कंपनीची बस पकडायची, दिवेलागणीला परत. सरळमार्गी माणूस. पण एका वर्षी कॅरिबियन संगीताच्या फेस्टिव्हलला गेला आणि स्टीलपॅनपायी वेडा झाला.

स्टीलपॅन म्हणजे तेलाच्या पिंपाचा कापलेला भाग. ठोकून ठोकून परातीसारखा खोलगट करायचा आणि रबर लावलेल्या काड्यांनी वाजवायचा. त्रिनिदादमध्ये गोऱ्या साहेबानं ढोलांवर बंदी घातली, तेव्हा लोकांनी बांबू आपटले, मग डबे, मग पिंपं. सुबोध हे येईल त्या पाहुण्याला सांगायचा. "आम्ही दिवसभर तेल गाळतो, त्या लोकांनी पिंपातून गाणं गाळलं!"

मार्लीन नावाच्या त्रिनिदादच्या बाईंचा हौशी बँड होता. सुबोध त्यात शिरला. चिनी आजोबा, तमिळ शिक्षिका, मलय नर्स आणि हा साताऱ्याचा. दर रविवारी तालीम.

मार्चमध्ये तो गेला. कंपनीच्या बसमध्येच. सगळे उतरले, हा खिडकीला डोकं टेकून बसलेला. ड्रायव्हरला वाटलं, झोप लागलीय.

प्रणिता रडली नाही.

लेकीचा, गार्गीचा डबा भरत राहिली, ऑफिसला जात राहिली. मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, "ताई, मला काही होतच नाही गं. दात काढताना इंजेक्शन देतात ना, तसं सगळं अंग झालंय."

ऑगस्टमध्ये मार्लीनबाईंचा फोन आला. "फेस्टिव्हलला ये. आम्ही त्याची जागा भरलेली नाही."

लेकीनं हट्ट धरला, म्हणून प्रणिता गेली.

मोठी बाग. स्टेजवर अर्धवर्तुळात बँड. आणि उजव्या टोकाला...

एक स्टँड. त्यावर सुबोधचा पॅन. त्याच्या दोन काड्या. मागे कुणी नाही.

पहिली दोन गाणी झाली. लोक नाचत होते. पाठीवर लेकरू बांधलेली बाई, छत्री धरलेल्या आज्या, ऑफिसातून आलेली पोरं. प्रणिता खुर्चीवर बसून बघत होती. टीव्हीचा आवाज बंद करून बघावं तसं.

तिसरं गाणं सुरू झालं.

तमिळ शिक्षिकेनं एकदम मान वळवली. उजवीकडे.

मग चिनी आजोबांनी. मग मार्लीनबाईंनी.

वाजवणं कुणीच थांबवलं नाही. पण सगळ्यांची नजर त्या रिकाम्या स्टँडवर...

गार्गीनं आईचा हात घट्ट धरला. चेहरा नुसता फुलला होता. तिथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली,

"आई! बाबा प्लेइंग, लाह! बाबांचा पार्ट!"

"कुठे?"

"दॅट वन! तुला ऐकू येत नाही?"

प्रणितानं कान दिला.

काहीच नाही.

आणि मग... बाकीचंही काही नाही.

बँड गेला. गर्दीचा कल्ला गेला. गार्गीचे ओठ हलत होते, पण शब्द नव्हते. समोर हजार पायांनी गवत तुडवलं जात होतं आणि जगात टाचणीएवढाही आवाज नव्हता.

ती उठली. गर्दीतून वाट काढत स्टेजच्या कडेला गेली. सुबोधच्या पॅनवर तळहात टेकवला.

भर उन्हात ठेवलेलं लोखंड. पण गार होतं.

आणि थरथरत होतं.

ठोक्यामागून ठोका तिच्या तळव्याला लागत होता. काड्या होत्या तिथेच पडलेल्या.

तिनं हात काढला नाही. मी विचारलं, तेव्हा कसं वाटलं? म्हणाली, "कसंच नाही, ताई. नळाखाली हात धरल्यासारखं."

थरथर थांबली. टाळ्यांचा आवाज धाडकन कानांवर आला.

मार्लीनबाई तिच्या गळ्यात पडून रडल्या. "ऐकलंस ना? नेहमीसारखा घाईनं शिरला. मी किती वर्षं ओरडले त्याला त्यावरून!"

बँडमधल्या प्रत्येकानं ऐकलं होतं. गर्दीतल्या ज्यांनी सुबोधला कधी पाहिलं नव्हतं, तेसुद्धा विचारत होते, तो टोकाचा वादक गेला कुठे?

फक्त त्याच्या बायकोला ऐकू आलं नव्हतं.

पॅन तिनं घरी आणला. गार्गीच्या खोलीत ठेवला. कान तपासून घेतले, डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत.

पण आता रोज संध्याकाळी, कंपनीची बस यायच्या सुमाराला, गार्गी अभ्यास करता करता थांबते आणि हसते.

"बाबांची प्रॅक्टिस."

आणि प्रणिताचं घर मुकं होतं. पंखा, फ्रीज, खालून जाणारी गाडी, सगळं.

सुरुवातीला एका गाण्यापुरतं व्हायचं. हल्ली जेवणं आटोपेपर्यंत असतं. मध्ये एकदा गार्गी पडली, गुडघा फुटला, ती भोकाड पसरून रडत होती, आणि प्रणिता पाठमोरी उभी राहून भाजी चिरत राहिली.

"तो पॅन देऊन टाक त्या मार्लीनबाईंना," मी म्हटलं.

"पोरगी हसते गं त्यामुळे," ती म्हणाली. "तिच्यापुरता तरी तो येतो."

परवा तिच्याकडे संध्याकाळ असताना मी फोन केला. बोलत होतो. तिचं ऑफिस, गार्गीची परीक्षा.

मध्येच तिच्या मागून काहीतरी किणकिणलं.

"प्रणिता, गाणं लावलंयस का?"

"हॅलो?" ती म्हणाली. "ताई?"

"अगं, मी बोलतेय!"

"हॅलो... ताई, आहेस का?"

मी पुण्यात माझ्या ओट्याशी उभी राहून ओरडत होते. तिला एक शब्द पोचत नव्हता. आणि तिच्या मागून, अगदी स्पष्ट, कुणीतरी वाजवत होतं. थोडं घाईनं. पण गोड.

सुबोधला वाजवताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

फोन मी ठेवला नाही. गाणं संपेपर्यंत ऐकत राहिले.

तेव्हापासून तिला फोन करायचाय. नंबर काढते, तिच्याशी बोलायला की ते ऐकायला, तेच कळत नाही, आणि नुसती बसून राहते.