डॉक्टरांचा नारिंगी फुगा

"हा सूट आकसलाय," डॉक्टर पुटपुटला. स्वतःशीच, पण बोटीच्या केबिनबाहेरची जागा एवढी अरुंद, की स्वतःशी बोललेलंही दुसऱ्याच्या कानात शिरायचं.

"रबर आकसत नाही, डॉक्टर," पाठीमागून चेन ओढत कप्तान म्हणाली. "पोट आत घ्या."

"घेतलंय."

"अजून."

"अजून घेतलं तर पाठीतून निघेल."

तिला हसू आलं. त्याच्या पाठीमागे आलं, म्हणून निभावलं.

बोट तिची, हौशी पाहुण्यांना समुद्राखाली डुबकी मारायला नेणारी. डॉक्टर दातांचा. हंगामाच्या सुरुवातीला तो चुकून चढला होता, गळ टाकून मासे धरायची बोट समजून. चूक कळेपर्यंत किनारा लांब राहिला, आणि पुढे ती सुधारायची त्याने तसदी घेतली नाही. दर रविवारी स्वारी हजर. तो कशासाठी येतो हे बोटीवर मदतीला असणाऱ्या आत्याला कळलं होतं, पाहुण्यांबरोबर पाण्यात उतरणाऱ्या दादालाही कळलं होतं. पण विषय तिथवर आला की आत्या "हवा बरी आहे आज" म्हणायची आणि दादा हवेच्या टाक्या पुसायला लागायचा.

आज हंगामाचा शेवटचा रविवार. उद्या बोट दुरुस्तीला वर ओढली, की कित्येक महिने भेटायला निमित्त नाही. आणि निमित्ताशिवाय भेटायचं म्हणजे... काहीतरी बोलावं लागणार.

"नियम सांगा," ती म्हणाली.

"प्रवाहाबरोबर वाहत जायचं. दादांना सोडायचं नाही. चुकामूक झालीच तर मिनिटभर शोधायचं आणि सावकाश वर यायचं. त्याआधी नारिंगी फुगा वर सोडायचा, म्हणजे मी कुठे आहे ते तुम्हाला कळेल."

"आणि फुग्याची दोरी?"

"हातात."

"शिट्टी आहे. चमकवायला आरसा?"

त्याने खिशातून लांब दांड्याचा, दाढा बघायचा इवलासा आरसा काढला.

"मोठा आणा म्हटलं होतं."

"दवाखान्यात हाच होता... उकळून आणलाय."

डॉक्टर आणि दादा पाण्यात गेले. ठरल्या वेळी दादाचा फुगा वर आला, मागून दादा आला. एकटाच.

"डॉक्टर?" तिने विचारलं.

"वर नाही आला? वळून बघितलं तर मागे कोणीच नाही. शोधलं, मग आलो."

तेवढ्यात दूरवर दुसरा फुगा टुण्णकन उगवला. तिचा जीव भांड्यात पडला. दादाला वर घेऊन ती तिकडे गेली. पण फुगा पाण्यावर आडवा लोळत होता... दोरी सैल, आणि दोरीच्या टोकाला कोणी नाही.

आत्या हवा विसरून कठड्याशी आली.

कप्तानचा सुकाणूवरचा हात शहाण्यासारखा वागला. सुटा फुगा वाऱ्याचं ऐकतो, माणूस प्रवाहाचं. फुगा जिथे उगवला होता तिथे तिने बोट परत नेली आणि तिथून प्रवाहाच्या वाटेने हळूहळू निघाली. मग इंजिन बंद केलं.

"गप्प बसा जरा," ती म्हणाली. कोणीच बोलत नव्हतं.

लाटांच्या मधून एक बारीक, दमलेली शिट्टी आली. पाठोपाठ तिकडेच काहीतरी लुकलुकलं, दाढेएवढं.

डॉक्टरला वर ओढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. आत्याने त्याच्याभोवती टॉवेल गुंडाळला.

"दोरी हातात ठेवायची होती ना?" कप्तान म्हणाली. आवाज तिला हवा तेवढा चढला नाही.

"फुग्याने हिसका दिला... सुटली."

"आणि दादाला का सोडलं?"

"सोडलं नाही. दादाच समजून... एका माशामागे गेलो."

दादाने मान वर केली. "मासा?"

"मोठा होता. चालही तुमच्यासारखीच. चष्म्याशिवाय मला लांबचं धड दिसत नाही."

"म्हणजे," आत्याने हिशेब लावला, "एवढे रविवार तुम्ही खाली जाता, तर बघता काय?"

"निळं," डॉक्टर म्हणाला. "नुसतं निळं."

"मग सांगितलं का नाही? पाण्यात घालायचा मुखवटा चष्म्याच्या नंबरचाही मिळतो," कप्तान म्हणाली. "जीव गेला असता."

"तुम्ही म्हणाला असता, आधी तो करून आणा, मग या." तो टॉवेलात आणखी शिरला. "तेवढे रविवार बुडाले असते. खालचं मला काही नको असतं हो. वर आलो, की बोट माझ्याकडे वळते... तेवढ्यासाठी येतो."

दादाने टाकी पुसायला घेतली. आत्याने आभाळाकडे बघितलं. "हवा—"

"आत्या, हवा राहू दे," कप्तान म्हणाली. सुकाणू सोडून ती त्याच्यासमोर येऊन उकिडवी बसली. "यापुढे नंबरचा मुखवटा असल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही. दोरी मनगटाला अडकवायची. आणि पुढच्या रविवारी बोट नाही, तरी यायचं. घरी."

"घरी... कशाला?"

"माझं प्रेम आहे तुमच्यावर म्हणून."