दोनशे मीटरवरची गुलाबी कांडी

डोळे मिटा आणि कल्पना करा, सह्याद्रीच्या पोटात एक भोक पाडलं आहे. रुंदी जेवणाच्या डब्याएवढी, खोली मात्र तीन किलोमीटर. त्यातून रोज दगडाच्या लांब कांड्या वर येतात. वेधकेंद्रावर, म्हणजे भोक पाडतात तिथल्या केंद्रावर, त्या पेटीच्या खणांत मांडतात. कांडी जितक्या खोलीवरची, तो आकडा खणावर लिहितात. कांडीवर आकडा रंगवायचा तो संध्याकाळी, दगड सुकल्यावर.

दर सुट्टीत हे रंगवायचं काम शाल्मलीचं असे. यंदा ते, पेटी मांडण्यासकट, पहाररावाकडे गेलं. पहारराव म्हणजे दोन महिन्यांपूर्वी आलेला यंत्रमानव. शाल्मलीहून लहान म्हणून तिला ताई म्हणे. तिचे भास्करआजोबा भूशास्त्रज्ञ (पृथ्वीच्या खडकांचा अभ्यास करणारे). दिवसभर त्यांचं आपलं ‘पहारराव, हे बघ’ आणि ‘पहारराव, ते बघ’. शाल्मलीचा नुसता जळफळाट होई.

बुधवारी दुपारी कुणी नाही असं पाहून तिने दोन कांड्यांची अदलाबदल केली.

संध्याकाळी पहाररावाने वाचून दाखवलं, “दोनशे मीटर, गुलाबी ग्रॅनाइट. दीड हजार मीटर, बेसाल्ट.”

आजोबांनी चष्मा काढला. “उलटं कसं होईल? इथे ग्रॅनाइट जुना. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्याच्यावर लाव्हा पसरला आणि थिजून बेसाल्ट झाला. बेसाल्ट वरच हवा.”

“पेटीत असंच आहे, आजोबा.”

“पेटी तूच मांडतोस ना? मग सगळीच संशयाची झाली. भोक पुन्हा पाडता येत नाही, बाबा. उद्या तुला कारखान्यात धाडतो. स्मृती पुसून नवी भरतील.”

दाराआड शाल्मलीला हसू फुटलं.

“चालेल,” पहारराव म्हणाला. “पुसायच्या आधी ते आंब्याचं पुन्हा एकदा सांगाल?”

शाल्मलीचं हसू मावळलं. आंब्याचं तर तिचं होतं. ती पाच वर्षांची असताना आजोबांनी ते फक्त तिच्यासाठी रचलं होतं.

“पृथ्वी म्हणजे आंबा समज,” आजोबा सांगू लागले. “साल म्हणजे भूकवच. त्याखालचा गर म्हणजे प्रावरण (तापलेल्या खडकाचा जाड थर, घन असूनही तो अतिशय सावकाश सरकतो). मधली कोय म्हणजे गाभा, मुख्यतः लोखंड आणि निकेलचा. तो बाहेरून वितळलेला आणि आतून घन.”

“आपलं भोक कुठवर गेलं?”

“साल इथे चाळीसेक किलोमीटर जाड आहे. आपण तीनच उतरलो.”

“आणि खडक?”

“तीन जातींचे. वितळलेला रस थंड होऊन झालेला अग्निज. जमिनीवर पटकन निवला की कण बारीक, तो बेसाल्ट. खोलवर हळूहळू निवला की कण मोठे, डोळ्यांना दिसणारे, तो ग्रॅनाइट. गाळ साचून, दबून झालेला तो स्तरित. आणि उष्णतेने, दाबाने रूप बदललेला तो रूपांतरित. आपल्या तळाच्या पट्टेरी कांड्या त्यातल्याच.”

“छान आहे,” पहारराव म्हणाला. “हे पुसलं जाईल, नाही का?”

शाल्मली आत आली. “त्याच्यात बिघाड नाही. कांड्या मी बदलल्या.”

“तू? का गं?”

“आंब्याचं त्याला का सांगितलंत?”

आजोबांनी चष्मा पुन्हा चढवून तिच्याकडे पाहिलं.

“आणि आकडेही त्यालाच दिलेत. मला विचारलंसुद्धा नाही.”

“ते खरं,” आजोबा हळूच म्हणाले. “विचारायला हवं होतं. पण आता मला सांग, दोनच बदलल्यास?”

“दोनच.”

“मी विश्वास ठेवीन. पण अजून चार किलोमीटर उतरायचंय. या पेटीवर उद्या जगभरचे लोक विसंबतील. त्यांना काय सांगू?”

शाल्मलीने दोन्ही कांड्या आपापल्या जागी ठेवल्या. मग भिंग घेऊन तिने पेटीशी मांडी घातली आणि पहिल्या खणापासून एकेका कांडीचे कण तपासायला सुरुवात केली. दहाव्या खणाशी तिने भिंग पहाररावाच्या हातात दिलं. अकराव्याशी परत मागून घेतलं.